बघ्यांच्या पायऱ्या

यिसेत खुर्चीवर बसली की तिचा उजवा पाय हलायला लागायचा. टाच वर-खाली, वर-खाली, शिवणयंत्र चालवावं तशी. माझ्या दुकानातल्या टेबलावर कपातली कॉफी हिंदकळायची. "अगं, पाय आवर," मी म्हणायची. मग ती पाय आवरायची आणि बोटांनी टेबलावर टकटक करायची. बोटं आवरली तर नखं खायची. बावीस वर्षांची पोरगी, पण एका जागी निवांत बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. आणि तरीही अख्ख्या गुआदुआल वस्तीत तिच्याइतकं कमी चालणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी नोराल्बा. आमची वस्ती मानिसालेस शहरातल्या एका डोंगरउताराला धरून आहे. वर हमरस्ता, खाली ओढा आणि मधे चारशे बारा पायऱ्या. पायऱ्यांचे पंधरा टप्पे आहेत, त्यातल्या खालून आठव्या टप्प्यावर माझं दुकान. काळी कॉफी, चीज घातलेल्या अरेपा म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, गुळाचं गरम पाणी, अंडी, मेणबत्त्या. बाहेर दोन बाकडी टाकलीयत. चढणारं माणूस तिथे टेकतंच, आणि टेकलेलं माणूस मागून येणाऱ्याकडे बघत बसतं. कुणाला धाप लागलीय, कुणाचा गुडघा धरलाय, कुणाची बायको रुसून आईकडे निघालीय, सगळं त्या बाकड्यांवरून कळतं. सत्तावीस वर्षं मी हेच बघत आलेय.

यिसेत मात्र पायऱ्यांवर कधी दिसायची नाही. तिचं घर तिसऱ्या टप्प्यावर. सकाळी ती खाली ओढ्यापाशी उतरायची, तिथून वळणावळणाच्या रस्त्याने जीप घ्यायची आणि थेट वर हमरस्त्यावर जायची. तिथल्या एका कचेरीत कानाला यंत्र लावून ती लोकांच्या टेलिफोनच्या तक्रारी ऐकायची, रोज नऊ तास. ही जीप माझ्या गल्लीच्या टोकालाही थांबते. अंडी घ्यायला पाच टप्प्यांसाठी जीपने येणारं गिऱ्हाईक ती एकटीच. मी त्याला आळस म्हणायची. तिच्या तोंडावरही म्हटलंय.

नोव्हेंबरात एका पहाटे दरड आली. माणसं वाचली, कोंबड्यांचं एक खुराडं गेलं, पण रस्त्याचं दुसरं वळण पुरतं ओढ्यात उतरलं. नगरपालिकेची माणसं आली, दोरी लावून मोजमापं घेऊन गेली आणि चार महिने लागतील म्हणाली. तोवर सगळ्यांना पायऱ्याच.

सोमवारी सकाळी साडेसहाला धुकं होतं. दोन्ही बाकडी भरलेली. खालून यिसेत चढत येताना दिसली. जाड काळं जाकीट गळ्यापर्यंत ओढलेलं, पिशवी पोटाशी धरलेली, चेहरा लालबुंद. दर पाच-सहा पायऱ्यांवर ती थांबायची आणि फोनमध्ये काहीतरी बघितल्यासारखं करायची. नळकामवाला गिल्देर्तो ओरडला, "चल गं जाडे, निम्मं झालं!" आमच्याकडे जाड्याला जाड्या आणि टकल्याला टकल्याच म्हणतात, त्यात कुणी वावगं धरत नाही. गिल्देर्तोला आम्ही बोबड्या म्हणतो. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मीही वाजवल्या, पिठाच्या हातांनी.

ती थांबली. आमच्याकडे एकवार बघितलं. मग वळली आणि खाली गेली. चढली होती त्याच्या तिप्पट वेगाने.

संध्याकाळी तिची आई मार्लेनी आली. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात आहे, तिचे हात कायम कांद्याच्या वासाचे. "काय केलंत तुम्ही माझ्या पोरीला?" तिने विचारलं.

"आम्ही? आम्ही तिला शाबासकी दिली."

"ताप आलाय म्हणून कामावर कळवलंय तिने. ताप कुठला. घरात चालतेय. खोलीत सहा पावलं तिकडे, सहा पावलं इकडे. खालचे लोक झाडूने छत ठोकतायत."

"एवढं चालते तर चढत का नाही?"

"ते विचारलं की दार लावून घेते." मार्लेनी बाकड्यावर बसली. "नोराल्बा, तिला हलायचं नाही असं नाही गं. जानेवारीत व्यायामशाळेचे सहा महिन्यांचे पैसे भरले. दोनदा गेली. बूट आणले, ते खोक्यातच आहेत. मग खोलीत फोनवर बघून उड्या मारायला लागली. तिसऱ्या दिवशी आरशावर टॉवेल टाकला, चौथ्या दिवशी सगळं बंद. दर वेळी मला वाटतं आता लागली मार्गाला."

मी तिला गुळाचं पाणी दिलं. आळस हा शब्द मी तेव्हापासून वापरला नाही, एवढंच.

चौथ्या टप्प्यावर डोन एवेलियो राहायचे. एकोणसत्तर वर्षांचे; मोठ्या पुरुषाला आम्ही मानाने डोन म्हणतो, बाईला डोन्या. आयुष्यभर कॉफीच्या गोदामात पोती उचलली आणि तीस वर्षं दर रविवारी गल्लीगल्लीतल्या फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून शिट्टी वाजवली. सप्टेंबरात त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी रोज हळूहळू पायऱ्या चढायला सांगितलं होतं. डोन एवेलियो रोज सकाळी बूट घालून दारात यायचे, अर्धा तास उभे राहायचे आणि आत जाऊन बूट काढायचे. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं, पण त्याबद्दल त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं.

यिसेतने स्वतःला घरात कोंडून घेतल्याला चार दिवस झाले तेव्हा त्यांनी तिचं दार वाजवलं. पुढचं मला दोघांनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि ते तंतोतंत जुळलं, म्हणून खरंच असणार.

"पोरी, तू फार हळू चढतेस असं ऐकलं," डोन एवेलियो म्हणाले.

यिसेत दार लावणार होती.

"मला तसंच माणूस हवंय," ते घाईने म्हणाले. "माझा मुलगा सोबत आला की चार पायऱ्या पुढे जातो आणि वळून बघतो. त्याने वळून बघितलं की मला वाटतं, झालं, मी आता मरतो."

"आणि माझ्याबरोबर असताना मेलात तर?"

"तर तू खाली जाऊन सांगायचं. उतार आहे, तुला जमेल."

ती हसली. हसू आलं याचाच तिला राग आला, असं ती म्हणते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला ती त्यांच्या दारात होती.

ते दोघं चढायचे ते बघण्यासारखं होतं, आणि मी शक्यतो बघायची नाही. प्रत्येक टप्प्यावर डोन एवेलियो थांबायचे, दोन बोटं मानेला लावायचे आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजायचे. यिसेत शेजारी त्यांची टोपी धरून उभी. तेवढ्यात तिचाही श्वास खाली बसायचा. बाकड्यावरचे लोक विचारायचे, "कसं वाटतंय, डोन एवेलियो?" सगळ्यांची नजर त्यांच्यावर. तिच्याकडे बघायला कुणाला सवडच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात ती पहिल्यांदा माझ्या बाकड्यावर बसली. जाकिटाची चेन अर्धी उघडी होती.

डोन एवेलियो आत तोंड धुवायला गेले तेव्हा तिने मला विचारलं, "डोन्या नोराल्बा, त्या दिवशी टाळ्या का वाजवल्या?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"हं." तिचा पाय हलायला लागला. "आठवीत असताना आमचे खेळाचे सर सगळ्यांना रांगेत पळवायचे. जो दमेल त्याने भिंतीपाशी जाऊन बसायचं आणि बाकीच्यांकडे बघायचं. मी दर वेळी पहिली बसायची. म्हणजे चाळीस पोरं पळतायत आणि भिंतीपाशी मी एकटी. सर वाईट नव्हते. मला बरं वाटावं म्हणून ते म्हणायचे, यिसेतने प्रयत्न केला, तिच्यासाठी टाळ्या. आणि सगळे पळता पळता टाळ्या वाजवायचे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी."

अरेपा जळत होती, ती उलटायला उठले.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," ती माझ्या पाठीमागून म्हणाली. "शिव्यांना उत्तर देता येतं."

हे डोन एवेलियोंनी आतून ऐकलं असावं. ते टॉवेलने मान पुसत आले. "छाती धडधडते का चढताना?" त्यांनी तिला विचारलं.

"आख्ख्या वस्तीला ऐकू जात असेल असं वाटतं."

"बोटं लाव. इथे. मोज."

तिने मोजलं. एकशे बावन्न.

"मला पहिली पाच वर्षं मैदानावर हेच व्हायचं," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंचे लोक माझ्या आईचा उद्धार करायचे. छाती धडधडायची ती पळण्याने की शिव्यांनी, काही कळायचं नाही. वाटायचं, आता फुटणार. मग एकदा माझ्या ध्यानात आलं की ह्या दोन वेगळ्या धडधडी आहेत. पळण्याची असेल तर बसल्यावर दोन-तीन मिनिटांत उतरते. लोकांची असेल तर संध्याकाळपर्यंत राहते. आता बसून बघ, तुझी कुठली आहे."

ती घड्याळ घेऊन बसली. तीन मिनिटांनी ती म्हणाली, "अठ्ठ्याण्णव." आणि पुन्हा मोजलं, कारण तिचा विश्वास बसला नाही.

तेव्हापासून तिला तोच नाद लागला. प्रत्येक टप्प्यावर दोघं मानेला बोटं लावून उभे. जानेवारीत ते माझ्या टप्प्याच्या आधी दोनदाच थांबायला लागले. पण ती खुशीत होती असं समजू नका. एखाद्या दिवशी यायचीच नाही. एखाद्या दिवशी डोन एवेलियोंवर खेकसायची, की तुम्ही मुद्दाम माझ्यासाठी थांबता. ते म्हणायचे, "मी माझ्यासाठी थांबतो, तू स्वतःला फार मोठी समजतेस." त्यावर ती तासभर फुरंगटलेली राहायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

फेब्रुवारीच्या शेवटी डोन एवेलियोंच्या मुलीने त्यांना पेरेइराला नेलं. तिथे हवा उबदार, रस्ते सपाट. जाताना त्यांनी यिसेतला आपलं घड्याळ दिलं. ती एकटी चार दिवस चढली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात रस्ता उघडला, जीप सुरू झाली, आणि पाचव्या दिवशी ती जीपमध्ये बसली.

मला वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं म्हणून मी जे केलं ते सांगायला हवं.

वस्ती समितीचा अध्यक्ष आर्नुल्फो सभागृहात आरोग्य मेळावा भरवत होता. पायऱ्या चढून ज्यांचं भलं झालं त्यांचे फोटो त्याला फलकावर लावायचे होते. माझ्या फोनमध्ये यिसेत आणि डोन एवेलियोंचा बाकड्यावरचा एक फोटो होता. दोघंही हसतायत, जाकीट काढून मांडीवर ठेवलेलं. मी तो देऊन टाकला. मला वाटलं, स्वतःला तसं बघून तिला हुरूप येईल. आर्नुल्फोने डोन एवेलियोंना कापून टाकलं, तिला दाराएवढं मोठं केलं आणि खाली लिहिलं, "यिसेतला जमलं, मग तुम्हाला का नाही?"

शनिवारी दुपारी ती माझ्याकडे आली. खालून पायऱ्या चढत आली, कुठेही न थांबता. हातात गुंडाळलेला फलक होता.

"हा फोटो कुणी दिला?"

"मी दिला. चांगल्यासाठीच..."

"मला विचारलंत?"

"यिसेत, सगळ्यांना कौतुक आहे गं तुझं."

"तेच तर. तुम्ही पुन्हा टाळ्याच वाजवल्यात, या वेळी भिंतीवर चिकटवून." तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यानेच मी जास्त घाबरले. "मी जीपने जाते आता. हा फोटो बघून जीपमधले लोक मला काय म्हणतात माहितेय? काय गं, जमलं ना तुला, मग इथे काय करतेस?"

तिने फलक माझ्या चुलीशेजारी ठेवला आणि गेली. त्यानंतर वर्षभर ती माझ्या दुकानात आली नाही. अंडी कुठून घ्यायची देव जाणे.

तिच्या बातम्या मला मार्लेनीकडून कळायच्या. घरातली येरझार पुन्हा सुरू झाली होती, आणि आता जास्त. "पूर्वी ती चिडून चालायची," मार्लेनी म्हणाली, "आता पायांना सवय लागलीय म्हणून चालते. जेवताना उठते, टीव्ही बघताना उठते. रात्री पाय दुखत नाहीत म्हणून झोप लागत नाही म्हणते. असं कधी ऐकलंयस?" कचेरीत तर दर तासाला उठून पाणी प्यायला जाते म्हणून वरिष्ठांनी तिला चार शब्द सुनावले. जागेवर बसून राहा म्हणाले. ती बसली, आणि त्याच दिवशी एका तक्रारदाराला म्हणाली, "साहेब, तुम्ही निदान उभं राहून तरी ओरडू शकता." ते रेकॉर्ड झालं होतं. तिला लेखी समज मिळाली.

एप्रिलच्या शेवटी पाण्याचे मीटर वाचणारा ओव्हिदियो तिच्या घरी आला. तो दरवाजात उभा राहून रडगाणं गात होता की कामावरचा जोडीदार सोडून गेला, पायऱ्यांना कंटाळला, आता एकट्याने तीन वस्त्या करतोय. यिसेतची सुट्टी होती. तिने विचारलं, "दिवसभर चढता ना तुम्ही? लोक बघतात का तुमच्याकडे?"

"माझ्याकडे?" ओव्हिदियो म्हणाला. "लोक मीटरकडे बघतात. आकडा जास्त आला तर मग माझ्याकडे, आणि तेही शिव्या द्यायला."

"शिव्यांची मला सवय आहे," यिसेत म्हणाली.

मीटरचं काम घेतलेल्या ठेकेदाराच्या कचेरीत तिने अर्ज टाकला. मार्लेनी दोन दिवस रडली. छपराखालचं, खुर्चीवरचं, स्वच्छ कपड्यांतलं काम सोडून पोरगी ऊनपावसात दुसऱ्यांच्या मीटरची झाकणं उघडायला निघाली होती. "माझी आई कॉफीच्या मळ्यात डोंगर चढून मेली," ती मला म्हणाली. "मी हिला बसून काम करता यावं म्हणून शिकवलं."

पहिले दोन आठवडे वाईट गेले. खोक्यातले ते बूट टाचेला लागले, दोन्ही टाचा सोलून निघाल्या. एका गुरुवारी दुपारी ती दूरच्या कुठल्याशा वस्तीत एका परक्या घराच्या पायरीवर बसून राहिली. उठताच येईना. तिने पेरेइराला फोन लावला.

"कितीवर आहे?" डोन एवेलियोंनी विचारलं.

"एकशे तीस. वीस मिनिटं झाली. उतरत नाहीये."

"मग ते पायऱ्यांचं नाही. कोण काय बोललं?"

आधी ती सांगेना. मग सांगितलं. एका बाईने दार उघडलं आणि आत वळून नवऱ्याला म्हणाली, बघ तरी, हिला कुणी पाठवलं डोंगरावर. दोघं हसले.

"त्यांचा मीटर वाचलास?"

"नाही. तशीच निघाले."

"मग परत जा आणि वाच. काम अर्धवट सोडून आलीयस," डोन एवेलियो म्हणाले. आणि मग, बहुधा आपण फार पंचासारखे बोललो असं वाटून, त्यांनी अर्धा तास तिला स्वतःच्या गुडघ्यांचं, मुलीच्या स्वयंपाकाचं आणि पेरेइराच्या डासांचं सांगितलं. ती ऐकत बसली. मग परत गेली. त्या बाईने काहीच न बोलता झाकण उघडून दिलं. त्या दिवशीची उरलेली चाळीस घरं तिने संध्याकाळपर्यंत केली. दुसऱ्या दिवशी गेली नाही. शनिवारी गेली.

याला आता दोन वर्षं होऊन गेली. यिसेत अजून त्याच कामावर आहे. ती बारीक झालीय का असं लोक मला विचारतात. पायऱ्यांवरच्या लोकांना दुसरं काय सुचणार. थोडी झाली असेल, नसेलही. मी मोजत नाही. काम संपल्यावर कधी कधी ती जीपने घरी येते आणि कुणी काही म्हणालं तर म्हणते, "आज बाराशे पायऱ्या झाल्यात माझ्या, तुमच्या किती?" रविवारी तिला घरात करमत नाही. पिशवीत दोन अरेपा टाकून ती कुठेतरी निघून जाते, एकटीच, आणि कुठे गेली होती ते सांगत नाही. मार्लेनी आता त्याची काळजी करते. आईला काहीतरी लागतंच.

माझ्याशी ती पुन्हा कशी बोलायला लागली ते सांगते. गेल्या वर्षी तिचा भाग बदलला आणि आमची वस्ती तिच्याकडे आली. मंगळवारी सकाळी ती निळी टोपी घालून दुकानासमोर उभी राहिली. बाकड्यावर चार माणसं होती. कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. हात पिठाने भरलेले होते, ते मी एप्रनमध्ये गुंडाळून धरले.

तिने झाकण उचललं, वाकून आकडा वाचला, वहीत लिहिला. मग पुन्हा वाकून बघितलं.

"डोन्या नोराल्बा, आत नळ चालू आहे का?"

"नाही गं."

"मग तुमच्या संडासाची टाकी गळतेय. मीटरचं चक्र फिरतंय. गिल्देर्तोला दाखवून घ्या."

"कॉफी घेतेस?"

तिने वरच्या सात टप्प्यांकडे बघितलं. "उतरताना," ती म्हणाली आणि चढायला लागली.